उजव्या विंगेतली अक्षरं

४ जानेवारी

तीर्थरूप वहिनींस,

पत्र पाहून दचकू नका. सगळं ठीक आहे. एक काम आहे.

सध्याच्या नाटकाची माझी प्रत फार जुनी झाली आहे. कडा कुरतडल्या आहेत. दुसऱ्या अंकावर चहा सांडला आहे. उन्हाळ्याच्या शेवटी शंभरावा प्रयोग येईल, त्याआधी स्वच्छ प्रत करून घ्यावी म्हणतो. छापखाना बंद झाल्यापासून तुम्ही घरी टायपिंग करता हे आठवलं. जुनी प्रत सोबत पाठवतो आहे. तोवर कंपनीची दुसरी वापरीन.

अक्षर जरा ठळक असावं. माझ्यासाठी नव्हे. विंगेत उजेड कमी असतो, आणि हल्ली दिवेच मंद येतात.

फोन केला असता. पण चाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग करून, विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं देऊन, माझा आवाज कुजबुजण्यापुरताच उरला आहे. फोनवर लोक दोनदा ‘हॅलो’ म्हणतात आणि ठेवून देतात. परवा इस्त्रीवाल्याने मला नुसते श्वास सोडणारा इसम समजून शिव्या दिल्या.

आपला,
भावोजी

११ जानेवारी

भावोजी,

तीर्थरूप कसली? मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान आहे. तुमचे दादा गेल्यापासून तुम्ही मला एकदम म्हातारी करून टाकलंत. नुसतं वहिनी म्हणा.

प्रत मिळाली. कडा शाबूत आहेत. चहाचा डाग आहे, पण त्यातून अक्षर न् अक्षर वाचता येतं. मग मी तुमचं पत्र पुन्हा बघितलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही एका पानात सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी बसवली होतीत. या पत्रात पानाला आठ ओळी आहेत, आणि आठवी अर्धी तुमच्या टेबलावर गेली असावी.

दिवे मंद येतात म्हणता. सगळ्यांचे, की तुमचेच?

मी तीस वर्षं औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदांची जुळणी केली. कुणी वाचू नये म्हणून छापलेलं दुसरं वाङ्मय मला माहीत नाही. लहान अक्षराने माणसाला कसं छळावं ते मला कळतं, म्हणून मोठ्याचंही कळतं. मोठं अक्षर म्हणजे फुगवलेलं अक्षर नव्हे. रेघ जाड हवी, ओळींमधून हवा खेळायला हवी, कागदाला चकाकी नको.

सोबत एक पान आहे. सहा ओळी, सहा आकार, वरून खाली लहान होत गेलेले. ओढूनताणून काय वाचता येतं ते सांगू नका. खुर्चीला पाठ टेकून, कपाळाला आठी न घालता काय वाचता येतं ते सांगा.

वहिनी

१९ जानेवारी

वहिनी,

सहाही ओळी स्वच्छ दिसतात. आपल्याच नाटकातली वाक्यं घेतलीत, बरं वाटलं. तुमचा विश्वास बसावा म्हणून शेवटच्या दोन उतरवून पाठवतो.

पाचवी: ‘माझा अशील निर्दोष आहे, आणि मी थकलो आहे.’

सहावी: ‘न्यायमूर्ती, सत्याला साक्षीदार लागत नाही.’

तेव्हा सहाव्या आकारातच करा. कागद वाचेल. शेवटच्या शब्दावर शाई जरा फिकी उमटली आहे, तेवढं बघा.

भावोजी

२७ जानेवारी

भावोजी,

पहिल्या चार ओळी नाटकातल्या होत्या. पाचवी होती: ‘थंड व कोरड्या जागी ठेवा.’ सहावी: ‘चक्कर, मळमळ किंवा भ्रम झाल्यास डॉक्टरांना कळवा.’

तुम्ही लिहिलीत ती वाक्यं नाटकात त्याच क्रमाने पुढे आहेत, हे खरं. पानावर नव्हती.

सोबत दुसरं पान आहे. हे जुलाबाच्या गोळ्यांच्या कागदावरचं आहे. ते तरी तुम्हाला पाठ नसावं.

डॉक्टरकडे गेला होतात का? खरं लिहा. तुमचे दादा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून मला सांगत, गुडघा मुळीच दुखत नाही, मी फक्त विचार करतोय. तुमच्या घराण्याची भाषा मला येते.

वहिनी

४ फेब्रुवारी

वहिनी,

पकडलंत.

सगळ्यांत वरच्या आकारात ‘पोट साफ न झाल्यास’ एवढं पाठ टेकून वाचता आलं. दुसऱ्यात आठी पडते. तिसऱ्यापासून खाली मुंग्या आहेत.

डॉक्टरकडे जाऊन आलो आहे. ते म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय. मी म्हटलं, नाटकवाल्याचं आणखी काय झिजणार? त्यांना ऐकू गेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही. कडेचं दिसतं. नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, सगळं पाठ आहे तर प्रत कशाला? नट काय विसरला ते मला ठाऊक असतं. तो कुठे पोचलाय ते ठाऊक नसतं. आमचे नायक चार पानं गाळतात, मग त्यांतली दोन परत घेतात. बोट ओळीवर नसेल तर मीही त्यांच्याबरोबर हरवतो. आणि माझ्या डोक्यात एक नाटक नाही. अकरा आहेत.

डिसेंबरात तेच झालं. तिसरा अंक, कोर्ट. नायक वकिलाच्या कामात. ते उठले, हात वर केला आणि थांबले. हा थांबा माझ्या ओळखीचा. पानावर नुसतं धुकं. मी मनानेच वाक्य दिलं. ते दुसऱ्या नाटकातलं निघालं. त्यात ते डॉक्टर होते. आमचे नायक कानात पडेल ते बोलतात, अर्थाच्या भानगडीत पडत नाहीत. भर कोर्टात म्हणाले, ‘न्यायमूर्ती, पाणी उकळत ठेवा. मूल पायाळू आहे.’

न्यायाधीश मुरलेला नट. म्हणाला, ‘हरकत मंजूर.’

टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात एका पेपरात आलं की न्याय जन्माला येताना होणारी तडफड लेखकाने एका वाक्यात पकडली आहे.

मॅनेजर पेपर वाचत नाही. त्याने मला ऑफिसात बोलावलं. ‘काका, शंभराव्यापर्यंत बघू. मग नायकाच्या कानात यंत्र घालतो. वाटाण्याएवढं असतं. माझी भाची इथे बसून मोबाइलवरून वाचेल. तुम्ही आता आराम करा.’

‘आराम’ हा शब्द त्याने असा म्हटला की मला माझ्याच फोटोची चौकट दिसली.

उजव्या विंगेत माझं एक स्टूल आहे. तीन पायांचं. एक पाय आखूड. चालू प्रयोगात मी त्यावरून एकदाच उठलो आहे, तेही पडद्याने पेट घेतला म्हणून. ते गेलं तर संध्याकाळ झाल्यावर मी कुठे जायचं ते मला माहीत नाही. घरी जायचं म्हणाल, तर घरी मी प्रयोग संपल्यावर जातो.

म्हणून प्रत हवी. मोठी हवी. कुणाला कळणार नाही इतकी मोठी.

भावोजी

२२ फेब्रुवारी

भावोजी,

कुणाला कळणार नाही इतकी मोठी प्रत होत नाही. चार खंड झालेत. पार्सलवाला विचारत होता, आत लाद्या आहेत का.

अक्षर करंगळीच्या नखाएवढं आहे. कागद फिकट पिवळसर, चमक नसलेला, एका बाजूनेच छापलेला. ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नाही. पानाच्या शेवटी वाक्य तोडलेलं नाही, नाहीतर नट तोंड उघडून उभा आणि तुम्ही पान शोधताय. पात्रं डावीकडे जाड अक्षरात. रडतो, बसतो, खिडकीशी जातो असल्या सूचना तिरप्या अक्षरात घालायची पद्धत आहे. दमलेल्या डोळ्याला तिरपं अक्षर सोसत नाही. म्हणून त्या चौकटीत टाकल्यात.

पुस्तक मांडीवर घेऊ नका, मान धरेल. तिरक्या फळीवर उभं ठेवा. दिवा समोरून नको, डाव्या खांद्यामागून हवा. सोबत काळ्या पुठ्ठ्याची पट्टी आहे. ती ओळीखाली धरून सरकवत न्या, म्हणजे नजर खालच्या ओळीत पडत नाही. आणि ओळीवर डोळा रोखू नका. जरा वर बघा. तुमचं कडेचं शाबूत आहे ना, मग कडेने वाचा. हिशेब विचारला की तुमचे दादा माझ्याकडे असंच बघत.

टाइप करताना नाटक वाचून झालं. खून वकिलानेच केलाय हे पहिल्या अंकात कळतं. लेखक हयात असेल तर सांगा.

वहिनी

८ मार्च

वहिनी,

आधी वाईट सांगतो.

दिवा डाव्या खांद्यामागून लावला. उजेड पानावरून उसळून थेट स्टेजवर गेला. दुसऱ्या अंकात भर दुपारचा प्रवेश आहे. नायिका म्हणाली, ‘काय रणरणतंय बाहेर,’ आणि मागच्या भिंतीवर चंद्र उगवला. त्यात माझ्या टकलाची सावली. म्हणजे ग्रहणही.

पान उलटलं की कबुतर उडाल्यासारखा आवाज होतो. पहिल्या रांगेतले दोघे सारखे छताकडे बघत होते.

खंड बदलताना तिसरा खंड माझ्या अंगठ्यावर पडला. मी एक शब्द उच्चारला. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, तो फक्त एकाच माणसापर्यंत पोचतो. नायकांनी तो शब्द जसाच्या तसा नायिकेच्या वडिलांना ऐकवला. नशिबाने प्रसंग भांडणाचा होता.

आता चांगलं. वहिनी, मी वाचलं. नायकांनी चार पानं गाळली, मी चार पानं पुढे गेलो. ते परत आले, मीही आलो. बोट ओळीवर होतं. अक्षरं अशी उभी होती जशी पूर्वी असत, स्वस्थ, आपल्या जागी. मी अक्षरांच्या मागे धावत नव्हतो. पहिल्या अंकानंतर लक्षात आलं की माझी पाठ भिंतीला टेकलेली आहे.

आणखी एक गोष्ट. नायक माझ्याकडे बघायला लागले आहेत. तीस वर्षांत त्यांनी विंगेकडे एकदाही मान वळवली नव्हती. मी म्हणजे त्यांना एक कुजबुजणारी भिंत. आता प्रत्येक वाक्याला बघतात. मला त्यांचे कानच दिसतात, डोळे दिसत नाहीत, पण कळतं. माणसाला उशिरा का होईना, जाणीव होते.

नायिका पेटली आहे. मध्यंतरात सगळ्यांदेखत म्हणाली, ‘तुझ्याशिवाय जगू शकत नाही म्हणतो मला, आणि बघतो कुणाकडे? त्या टकल्याकडे!’

मॅनेजरने चार खंड बघितले. ‘काका, हे काय? नाटक तेच आहे ना?’ म्हणाला.

भावोजी

१६ मार्च

भावोजी,

दिव्याला डब्याचं झाकण बांधा, पानाच्या बाजूने उघडं ठेवून. उजेड पानावर पडू दे, पान सोडून नको. खंडाच्या खाली जाड टॉवेल घाला. पान शेवटच्या ओळीला उलटू नका. दोन ओळी आधीच कोपरा सोडवून बोटात धरून ठेवा, म्हणजे ते उडत नाही, सरकतं. पायात बूट घाला.

नायकांना जाणीव झाली हे वाचून आनंद झाला. ते किती लांबून बघतात? आणि वाक्य म्हणायच्या आधी बघतात की म्हणून झाल्यावर?

वहिनी

२३ मार्च

वहिनी,

आधी. दहाएक पावलांवरून. का विचारलंत?

भावोजी

२९ मार्च

भावोजी,

सहज.

वहिनी

२ एप्रिल

आदरणीय बाई,

आपण मला ओळखत असालच. नाटकाच्या चौथ्या खंडाच्या शेवटी आपला पत्ता मोठ्या अक्षरात छापलेला आहे. तो मी कोर्टाच्या पिंजऱ्यातून वाचला.

विषय नाजूक आहे. रंगभूमीवर माझं वय पस्तीस आहे. गेली तीस वर्षं आहे. प्रेक्षकांना त्याची सवय झाली आहे आणि त्यांचा विश्वास मोडण्याचा मला अधिकार नाही. त्यामुळे मी चष्मा लावत नाही. घरीही नाही, कारण मोलकरीण बोलघेवडी आहे. जवळचं वाचून मला सहा वर्षं झाली. या नाटकाची संहिता मी हातात धरली आहे, वाचलेली नाही. आजवर आपल्या दिरांच्या कुजबुजीवर निभावलं. ते एका वेळी एकच वाक्य देतात. पुढे काय आहे ते मला प्रेक्षकांबरोबरच कळायचं.

लांबचं मात्र मला घारीसारखं दिसतं. मार्चमध्ये एका प्रयोगाला सहज उजवीकडे बघितलं, तर माझं वाक्य तिथे उभं होतं. अख्खं. शेवटासकट. बाई, वाक्याचा शेवट आधी माहीत असला की सुरुवात किती निराळी म्हणता येते! परवाच्या पेपरात आलं आहे की माझी नजर आता या जगापलीकडे कुठेतरी लागलेली असते.

विनंती दोन. अक्षर एक नंबर वाढवावं, कोर्टातून बघताना अनुस्वार गळतात. आणि यातलं दिरांना काही कळू नये. मी कृतज्ञतेने बघतो असा त्यांचा समज आहे. तो गोड आहे. राहू द्यावा.

आपला,
रंगभूमीचा एक सेवक

८ एप्रिल

नायकसाहेब,

पत्र पोचलं. तुमचं अक्षरही चांगलं मोठं आहे. पाकिटावरचा पत्ता पोस्टमन लांबूनच वाचत आला.

एक नंबर कशाला, अंगठ्याच्या नखाएवढं करून देते. अट एकच. एवढ्या मोठ्या अक्षराची पानं उलटायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला बसायला स्टूल लागतं. शंभराव्या प्रयोगानंतर ते स्टूल उचलायचं आणि तुमच्या कानात वाटाणा घालायचा, असं तुमच्या मॅनेजरच्या मनात आहे. स्टूल जागेवर राहील हे तुम्ही बघायचं. कसं, ते तुम्हाला मी काय सांगणार? नट तुम्ही.

स्टूल हललं तर पुढची प्रत औषधाच्या कागदावरच्या आकारात येईल. त्या कामात माझा हात बसलेला आहे.

दिरांना कळणार नाही. आणि अधूनमधून त्या नायिकेकडेही बघत जा. तिच्याशिवाय एवढं जगू शकत नाही म्हणता, तर निदान ती कुठे उभी आहे ते माहीत असावं.

वहिनी (त्यांची)

१९ एप्रिल

भावोजी,

सोबत नवी प्रत आहे. सात खंड. टाइप करताना आकाराचा आकडा चुकून वाढला, आणि सगळं छापून झाल्यावर लक्षात आलं. फेकून काय द्यायचं, वापरून टाका. डोळ्याला मोठं कधी जास्त होत नाही.

हल्ली माझ्या अशा चुका होतात. वय झालं.

काळी पट्टी ओळीच्या अगदी जवळ धरू नका. अनुस्वार झाकले जातात.

वहिनी

१२ जून

वहिनी,

शंभरावा प्रयोग काल झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा नव्याण्णवावा आहे.

त्या दिवशी मॅनेजरने यंत्र आणलं. माझ्यासमोर नायकांच्या कानात बसवलं. भाची ऑफिसात मोबाइल घेऊन वाचायला बसली. मला म्हणाला, ‘काका, आज स्टूलवर बसा, पण पुस्तक उघडायचं नाही. आज ट्रायल.’ मी बसलो. सात खंड शेजारी, मिटलेले, वर टॉवेल. कुणी गेल्यावर झाकून ठेवतात तसे.

पहिल्या अंकाचा पडदाही कोर्टातच उघडतो. नायकांनी प्रवेश केला. उजवीकडे बघितलं. टॉवेलकडे बघितलं. मग कोर्टाकडे वळले.

‘न्यायमूर्ती,’ ते म्हणाले, ‘खिशातून रुमाल काढतो.’

सगळे वाट बघत राहिले. त्यांनी रुमाल काढला नाही.

‘कपाळ पुसतो. क्षणभर थांबतो. खिडकीशी जातो.’ आणि जागचे हलले नाहीत.

न्यायाधीशाने थोडा वेळ दिला. मग म्हणाला, ‘जा की मग.’

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. नायक आरोपीजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, ‘दूर कुठेतरी कुत्रं भुंकतं.’ वहिनी, असं म्हणाले की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. आरोपीलाही राहवलं नाही. म्हणाला, ‘माझंच आहे ते.’

पुढे नायिकेसमोर गुडघे टेकले. बरोबर तिच्या डोळ्यांत बघत, संथ, खर्जात म्हणाले, ‘एक मिनिट हं मामा, मला दुसरा फोन येतोय.’

हसण्याने थिएटर कोसळलं. मॅनेजर धावत विंगेत आला, घामाने निथळलेला. ‘काका, उघडा, उघडा ते तुमचं! कुठला खंड? सगळे उघडा!’

पुढचे अडीच अंक आम्ही नीट केले.

काल शंभराव्यानंतर मॅनेजरने यंत्र डबीत घालून भाचीला दिलं. ती त्यावर गाणी ऐकते. आणि मला न विचारता सुताराकडून स्टुलाच्या आखूड पायाखाली ठोकळा मारून घेतला. चाळीस वर्षं डावीकडे कलून बसलो, आता सरळ बसल्यामुळे कंबर धरली आहे. पण ठोकळा राहू दिला. जाणाऱ्या माणसाच्या स्टुलाला कुणी ठोकळा मारत नाही.

आता दुसरं. वहिनी, माझे डोळे मधोमध गेलेत. डोकं अजून आहे.

नायक वाचतात हे मला मार्चमध्ये, पहिल्याच प्रयोगाच्या पहिल्याच अंकात कळलं. कृतज्ञतेने बघणाऱ्या माणसाची हनुवटी डावीकडून उजवीकडे सरकत नाही. ओळ संपल्यावर ती पुन्हा डावीकडे तर मुळीच येत नाही. मला चेहऱ्याच्या कडा दिसतात, हनुवटी कडेलाच असते. दुसऱ्या प्रयोगापासून फळी कुणी त्यांच्या बाजूला वळवली, असं तुम्हाला वाटतं? त्यांची ओळ वाचून होईपर्यंत पान कोण थोपवून धरतं?

तुम्हाला लिहिलं नाही, कारण वाक्य कुणी दिलं हे प्रॉम्प्टर घरी सांगत नाही. नायकांना वाटतं मला माहीत नाही. तो समज गोड आहे. तो राहू द्या.

कंसातल्या सूचनांचंही तसंच. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून चुकून कधी ‘उठतो’ निघून गेलं, तर ते उठत. बोलून दाखवत नसत. त्यांना कंस कळतात. मग त्या दिवशी काय झालं, ते मी त्यांना विचारलं नाही. आणि सात खंडांत, प्रत्येक पानावर, एकही पान न सोडता आकडा चुकून कसा वाढला, ते तुम्हालाही विचारत नाही.

सोमवारी प्रयोग नव्हता. संध्याकाळी आपोआप चपला घातल्या, मग आठवलं. तसाच कोपऱ्यावरच्या वाचनालयात गेलो. विचारलं, मोठ्या अक्षरातली पुस्तकं असतात का? बाई म्हणाल्या, असतात की, वेगळा कप्पा आहे, पाटी लावली आहे. कप्पा सगळ्यांत खाली, जमिनीलगत. पाटी बोटभर, त्यावर मुंग्या. ती वाचायला बाईंनाच गुडघ्यावर बसावं लागलं. म्हणाल्या, कुणी नेत नाही हो. मी म्हटलं, न्यायला आधी सापडायला पाहिजेत. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून कागदावर लिहून दिलं. मोठ्या अक्षरात. आता कप्पा वर येणार आहे.

एक पुस्तक आणलं. रहस्यकथा. चाळीस वर्षं मी तीच अकरा नाटकं वाचली, शेवट माहीत नाही असं हातात काही आलंच नव्हतं. घरी फळी मांडली, दिवा डाव्या खांद्यामागे ठेवला, पाठ टेकली. पानामागून पान वाचत गेलो. कुणी काही विसरलं नाही. कुणी मध्येच थांबलं की मी दचकायचो, मग लक्षात यायचं, पुस्तकातली माणसं आपली आपण पुढे बोलतात. मला काही द्यायचं नव्हतं. फक्त घ्यायचं होतं.

अर्ध्यावर ध्यानात आलं की फळी उजवीकडे वळवून धरली आहे. सवय. तिकडे रिकामी खुर्ची. सरळ करायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

तुमचं एप्रिलचं पत्र पुन्हा काढून बघितलं. पानाला नऊ ओळी आहेत. नववी अर्धी तुमच्या टेबलावर गेली असावी. तुमच्याकडे दिवे मंद येतात का, विचारत नाही.

मी त्या खुर्चीत बसून बघितलं. तिथून स्वच्छ दिसतं. खून कुणी केला ते अजून कळलेलं नाही, तुम्ही येईपर्यंत मी पुढे जात नाही.

भावोजी